किरणांचा पंचनामा

सरकारी माणसाला रडवून परत कसं पाठवायचं हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं हिवरखोरीच्या शहादेव चेअरमनच्या पायाशी बसावं. असं लोक म्हणत, आणि शहादेव चेअरमन स्वतः तर जरा मोठ्यानंच म्हणे. "आजवर ह्या गावातून एक बी साहेब कोरड्या डोळ्यानं गेला न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना तो मिशीवरून हात फिरवी आणि समोरच्याला चहा पाजी.

तशी ती थापही नव्हती. मांजरसुंब्याहून घाटमाथ्याला लागलं की डाव्या हाताला, काळ्या खडकावर बसलेलं हे गाव. पाऊस आला तर आला, नाही तर पुढच्या सालाला बघू. बाजरी येवो न येवो, पंचनामा मात्र दरसाल यायचा, आणि त्याची तयारी गावानं पेरणीपेक्षा पक्की करून ठेवली होती. शहादेवकडं पंचनाम्याचं म्हणून एक वेगळं धोतर होतं. जागोजागी बेतानं फाडलेलं, पण स्वच्छ धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलेलं. आश्रुबा कोतवालाच्या दावणीला एक गाय होती, तिची हाडं लांबूनही मोजता यायची. कुठलाही साहेब आला की तीच पुढं उभी करायची. आश्रुबा तिला चुकून मूठभर पेंड जास्त घालताना दिसला, तर सोसायटीचे मेंबर धावून जात. "आरं बाबा, गावाचं नुस्कान करतूस व्हय?"

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, साहेब काय विचारील त्याला 'व्हय' म्हणायचं. पीक गेलं का? व्हय. गुरं मेली का? व्हय. उपाशी हाय का? व्हय. एकदा एका नवख्या साहेबानं घाईत विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" तर त्यालाही सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं, आणि त्या साली काहीच मिळालं नाही. तेवढा एक अपवाद सोडला तर नियम चोख होता.

तर सत्त्याऐंशीचा उन्हाळा. दुष्काळ असा की सोसायटीच्या मीटिंगला आलेली माणसं चहापेक्षा आधी पाणी मागायची. गावात पाणी असलेली विहीर एकच, सोसायटीची, आणि ती खाली घळीत. बायका पहाटे उतरायच्या, ऊन डोक्यावर आलं की हंडे घेऊन वर यायच्या. शहादेवची बायको भिवराबाई त्या घळीत माघात घसरली होती. तेव्हापासून तिचं डावं मनगट हंडा उचलताना कळ मारायचं.

भिवराबाईचं माहेर पाली, बिंदुसराच्या धरणाजवळ. ती बोलायची कमी, पण बोलली की माहेरावरूनच सुरुवात. "माझ्या माहेरी म्हशी सुदीक पाण्यात डुंबत्यात," ती म्हणाली. "तुमी चेअरमन झाला, गावाला खत आणलं, बी आणलं, गहू आणला. पाणी काय आणलं न्हाई. ह्या साली दारात पाणी न्हाई आलं तर मी पालीला जाते. म्हशींत बसून राहीन."

"आणतो," शहादेव म्हणाला. "शब्द दिला. चावडीपुढं नळ आणतो."

बायकोला शब्द देऊन बसलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. त्यानंतर शहादेवला झोपेत सुद्धा नळ दिसायला लागला.

आणि देव तरी किती दयाळू बघा, पंधरवड्याच्या आत आश्रुबा कोतवाल तहसिलातून बातमी घेऊन पळत आला. केंद्र सरकारचं मुंबईचं कुठलंसं खातं आहे. एक्स-रेच्या आणि तसल्या दुसऱ्या यंत्रांतून किरणं निघतात, ती अंगाला बाधतात. त्यापासून माणसाचा बचाव कसा करायचा याचं मोठं संशोधन सरकार करणार. त्याची आखणी चालली आहे, आणि त्यासाठी एक केंद्र बांधायचं आहे ते बीड जिल्ह्यात. तीन गावं बघणार, एक घेणार. हिवरखोरीचं नाव त्या तिन्हींत आहे.

"त्याचं आपल्याला काय?" शहादेव म्हणाला.

"आवं चेअरमन, केंद्राला पाणी लागणार न्हाई का? पालीच्या धरणातून पाइप येणार. आन ज्या गावात केंद्र, त्या गावाला त्या पाइपाचा एक नळ फुकट."

शहादेव उठला, आत गेला आणि ट्रंक उघडून धोतर उन्हात टाकलं.

दोन दिवसांनी जीप आली. जीपमधून उतरल्या त्या डॉक्टर सबनीस बाई. साधी सुती साडी, पायात बूट, आणि हातात तंबोऱ्यासारखी जपून धरलेली एक पेटी. बाई शास्त्रज्ञ आहेत हे कळल्यावर गाव जरा बिचकलं, कारण बाईमाणसापुढं रडायचं कसं याची कुणाला सवय नव्हती. पण सोसायटीच्या गोदामात सतरंजी टाकली, गाय दारासमोर बांधली, आणि सभा भरली.

सबनीस बाईंनी फार गोड समजावून सांगितलं. किरणं सगळीकडं असतात, जमिनीत, दगडात, आपल्या अंगात सुद्धा, थोडी थोडी. यंत्रांतली जास्त असतात, ती वाईट. "आम्ही आधी जागा ठरवणार," त्या म्हणाल्या. "तिन्ही गावांत जमिनीतून किती किरणं येतात ते मोजायचं. मोजणीत काय येतं त्यावर गाव ठरेल. कुणाला काही विचारायचं असलं तर विचारा."

कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? हिवरखोरीला मोजणी ठाऊक होती. ज्याचं पीक जास्त गेलं त्याला तगाई. ज्याची विहीर जास्त आटली त्याला टँकर. भरल्या घरी सरकार ताट वाढत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. ज्याच्याकडं किरणं जास्त त्याला केंद्र, हे उघडच होतं. शहादेवनं आश्रुबाकडं बघून मान हलवली, आश्रुबानं मेंबरांकडं बघून हलवली, आणि सभा आनंदानं संपली.

मग बाईंनी किरणं मोजायची ती पेटी गावातून फिरवली आणि तीन ठिकाणी चुन्याच्या खुणा केल्या. मारुतीचा पार, शाळेचं पटांगण आणि घळीतली विहीर. शहादेव पाठोपाठ. पेटी कशी बोलते याकडं त्याचे कान. पण पेटी बोलेचना. मधेच एकदा कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक कट्.

"ही ज्यादा किरणं असली की काय करती, बाई?" त्यानं विचारलं.

"सारखी तडतडते."

"आन आमच्याकडं?"

"तुमच्याकडं तशी शांतच आहे," बाई हसून म्हणाल्या. "पण ही कच्ची मोजणी. परवा मोठं यंत्र लावून पक्की करू. उद्या मी लिंबखोरीला जाते."

शहादेवला धसका बसला. लिंबखोरी म्हणजे शेजारचं गाव, आणि तिथला चेअरमन आप्पाराव म्हणजे नुसता आवाज ऐकला तरी शहादेवचं पित्त खवळायचं. लिंबखोरीत किरणं निघाली तर नळ आप्पारावच्या दारात, आणि भिवराबाई पालीला. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली. त्यात 'गावात किरणे आहेत व ती पुष्कळ आहेत' असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. पण ठराव पेटीला ऐकू जात नाही, ही अडचण होती.

ती अडचण वीरभद्रअप्पांच्या घरी सुटली. वीरभद्रअप्पा गावातले दुकानदार. मीठमिरचीपासून खिळ्यापर्यंत सगळं विकायचे आणि लग्नाकार्याला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. बाईंचा ड्रायव्हर सिद्धलिंग त्यांच्याच जातीतला निघाला, म्हणून अप्पांच्या बायकोनं, नीलम्मावहिनींनी, त्याला जेवायला बोलावलं. पुरणपोळी खाऊन सिद्धलिंग खुश झाला आणि खुशीत येऊन त्यानं जीपमधली छोटी पेटी गंमत म्हणून दुकानात आणली. फळीवर गॅसबत्तीच्या मेंटलांचे खोके होते, ती पांढरी रेशमी जाळी, जी पेटवली की उजेड देते. सिद्धलिंगनं पेटी खोक्याजवळ नेली.

पेटी तडतडली. थांबेचना.

"मेंटलला कसला तरी मसाला लावत्यात," सिद्धलिंग म्हणाला. "त्यातनं किरणं निघत्यात. थोडी. त्यानं काय होत न्हाई, पर पेटीला लगीच कळतं."

शहादेव सोबतीला बसला होता. हातातला पानाचा विडा त्यानं तसाच खाली ठेवला.

"अप्पा," सिद्धलिंग गेल्यावर तो म्हणाला, "मेंटल किती हायती?"

"नारायणगडच्या जत्रंसाठी भरून ठिवलेत. खोकीच्या खोकी. कावून?"

"समदे द्या."

"बत्त्या किती लावायच्यात तुला?"

"एक बी न्हाई."

वीरभद्रअप्पा व्यापारी माणूस, त्यांनी लगेच कारण विचारलं नाही. आधी चावडीपुढचा नळ दुकानाकडं सरकवून बसवायचा हे कबूल करून घेतलं आणि मग कारण विचारलं.

दुसऱ्या दिवशी सबनीस बाई लिंबखोरीला गेल्या आणि हिवरखोरीत भर दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, चेअरमन खुरपं घेऊन बाहेर पडला. पारावरची खूण अलगद उचलून खाली मेंटल पुरले, वर माती दाबली, पुन्हा चुना टाकला. शाळेतही तसंच. आश्रुबा म्हणाला, "चेअरमन, थोडे बस झाले की."

"थोड्यानं काय होतंय बे? आप्पाराव तिकडं काय करत आसंल म्हाईत हाय का? दाखवायचं तर दणकून दाखवायचं."

विहिरीवर तर त्यानं कमालच केली. स्वतः दोराला धरून उतरला आणि दगडांच्या फटीफटीत मेंटल कोंबले. वर भिवराबाई हंडा घेऊन उभी होती. "हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"तुझा नळ," आतून आवाज आला.

"नळ वरून येतो आन तुमी खाली का चाललाय?" ती म्हणाली. पण नवऱ्याच्या सार्वजनिक कामात तोंड घालायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं, म्हणून ती हंडा भरून निघून गेली.

तिसरा दिवस उजाडला. सगळं गाव पाराभोवती जमलं, सण असल्यासारखं, फक्त कपडे फाटके. शहादेव धोतरात. गाय पुढं. सबनीस बाईंनी मोठं यंत्र तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं, त्याची नळी खुणेवर धरली, आणि यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबायला तयार नाही.

गावाच्या तोंडावर समाधान पसरलं. कुणीतरी टाळी वाजवणार होतं, त्याला आश्रुबानं दाबलं.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग जवळजवळ पळतच शाळेत गेल्या. तिथंही तेच. विहिरीवर उतरल्या, तिथं तर काटा टोकाला जाऊन चिकटला.

"परवा इथं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत इतकं? बाहेरून कुणी काही आणून टाकलंय का इथं?"

"छ्या छ्या," शहादेव अभिमानानं म्हणाला. "बाहेरचं कशाला? आमचं सोताचं हाय, बाई. घरचं."

बाई दगडावर बसल्या. मग एकदम उठून त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. आता ही विचारपूस म्हणजे गावाच्या हातचा मळ. शहादेवनं डोळ्यांनी खूण केली, आणि सगळे सरसावले.

"इतक्यात कुणाला थकवा येतो?"

"व्हय," सगळं गाव म्हणालं.

"मळमळ? उलट्या?"

"व्हय, व्हय. रोज."

"कुणाचे केस गळतात?"

तीन म्हाताऱ्यांनी एकदम टोप्या काढल्या. तिघंही गुळगुळीत होते. "कालपरवापर्यंत व्हते, बाई," त्यातला एक डोळे पुसत म्हणाला.

बाईंची नजर गाईवर गेली. "आणि हिला? हिला काय झालंय?"

"त्येच झालंय," आश्रुबा म्हणाला. "आदी लई दांडगी व्हती."

सबनीस बाईंच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. शहादेवनं ते बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. नळ आता चावडीपुढं आल्यात जमा होता. पाइप गंजका निघू नये एवढीच काय ती काळजी राहिली होती.

पण बाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. निश्चय म्हणजे काय ते त्या दिवशी गावानं पाहिलं. त्यांनी सिद्धलिंगला हाक मारली. "जीप काढ. सरळ बीडला कलेक्टरसाहेबांकडं जा. म्हणावं, संध्याकाळपर्यंत गाव रिकामं करायचंय. पालीजवळ छावणीची सोय करा. आणि तोवर टँकर पाठवा." मग गावाकडं वळल्या. "आजपासून ह्या विहिरीचं थेंबभर पाणी कुणी प्यायचं नाही. आश्रुबा, तुम्ही कोतवाल ना? विहिरीवर बसा. कुणाला खाली उतरू देऊ नका."

जीप धुरळा उडवत गेली. गावातली पाणी असलेली ती एकुलती एक विहीर, आणि आश्रुबा तिच्या काठावर काठी घेऊन बसला. हंडे घेऊन उतरलेल्या बायका उताराच्या मध्यावरच थांबल्या. त्यात भिवराबाई होती. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि ती बघणं काही चांगलं नव्हतं.

"बाई," शहादेव घसा खाकरून म्हणाला, "इतकं कशाला? आमाला सवय हाय. तुमी फकस्त केंद्र बांधा."

"केंद्र?" बाईंनी कपाळाला हात लावला. "शहादेवराव, केंद्र इथं आता कसं बांधणार? आम्हाला कमीत कमी किरणांची जागा हवी होती. यंत्रं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं तर भोवती शांतता लागते. तुमचा हा काळा खडक इतका स्वच्छ होता, परवाच मी मनाशी हिवरखोरी नक्की केली होती. पाइपलाइनच्या कागदावर नाव घालायचं तेवढं राहिलं होतं."

शहादेवनं काही क्षण विचार केला की आपण नीट ऐकलं का. नीटच ऐकलं होतं.

आता दुसरा कुणी असता तर तिथंच बसला असता. पण शहादेव चेअरमन होता, हटणारा नव्हता. "बाई," तो म्हणाला, "तुमी जेवून घ्या. मग पुन्यांदा मोजा. आमच्याकडं दुपारी उतरतं ते."

"उतरतं?" बाईंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे कमीजास्त होतं? तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? किती वर्षांपासून?"

"व्हय," सवयीनं मागून दोघंतिघं म्हणाले.

गावानं आजवर दिलेलं एकेक 'व्हय' आता शहादेवच्या गळ्यात धोंड्यासारखं पडायला लागलं. शेवटी त्यानं टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. मेंटल, खुरपं, चुना, सगळं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शहादेवराव, गाव सोडायचं म्हणजे किती जड जातं ते मला कळतं. माणूस अशा वेळी काहीही सांगतो."

"आवं, खरं सांगतोय."

"मघाशी उलट्या होतात म्हणालात, तेही खरंच ना? त्या आजोबांचे केस?"

"त्येचे केस मी ल्हान व्हतो तवापासून न्हाईत," शहादेव म्हणाला. पण आता त्याचं कोण ऐकतो? त्यानं खुरपं उचललं आणि तो पाराकडं पळाला. बाई मागं, गाव मागं. चुन्याची खूण त्यानं फोडली आणि खालून मातीनं माखलेले मेंटल मुठीमुठीनं काढले. बाई बघतच राहिल्या. तो मेंटल घेऊन शाळेकडं पळाला, आणि बाईंनी यंत्र लावलं तर पारावर शांत. कट्. आणि मग काही नाही. शाळेतही तसंच.

आता त्यांना पटायला लागलं होतं. विहिरीत तो पुन्हा उतरला, फटीफटीतून मेंटल उपसले आणि वर आला. बाईंनी नळी विहिरीच्या काठाला लावली. काठ गप्प. पण शहादेव पुढं सरला आणि यंत्र पुन्हा किंचाळलं. तो मागं गेला, यंत्र गप्प. तो पुढं आला, यंत्र ओरडलं. गाव हळूहळू त्याच्यापासून लांब व्हायला लागलं. वीरभद्रअप्पा तर दुकानापर्यंत मागं गेले.

"चेअरमनलाच लागली," आश्रुबा हळूच म्हणाला.

तेव्हा भिवराबाई पुढं आली. सार्वजनिक कामात तोंड न घालण्याचा नियम तिनं तिथंच मोडला. तिनं नवऱ्याच्या धोतराचा ओचा धरला आणि हिसडला. उपसलेले सगळे मेंटल, कोरडे, ओले, चिखलाचे, बदाबदा बाईंच्या बुटांवर पडले. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यानं ते ओच्यात खोचले होते.

बाईंनी यंत्र बंद केलं. गाव तर त्याच्याहून शांत झालं.

सबनीस बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या फार हळू बोलल्या. "मला एकदा विचारायचं होतंत, शहादेवराव. जास्त हवं का कमी, एवढंच. मी सांगितलं असतं."

शहादेव पायाकडं बघत उभा होता. "सरकारनं चांगलं हाय म्हणून कुणाला काय दिलंय, आसं आजवर ऐकलंच न्हवतं, बाई," तो म्हणाला. "इचारायचं सुचलंच न्हाई."

बाईंनी बुटांवरचे मेंटल झटकले. त्यांनी यंत्र आवरलं. झालं ते लिहावं लागेल, त्या म्हणाल्या. आणि ज्या गावात मोजणीत हात घातला गेला तिथं केंद्र होत नाही, असा नियम आहे. दुसरा नंबर लिंबखोरीचा. तिथली पक्की मोजणी पुढच्या महिन्यात.

एवढं होतंय तोवर घाटातून घरघर ऐकू आली. टँकर. त्या उन्हाळ्यात हिवरखोरीनं पाहिलेला पहिला टँकर, आणि त्याच्याबरोबर कलेक्टर कचेरीचा हुकूम. किरणांची चौकशी पूर्ण होईपर्यंत गावाला रोज टँकर. सिद्धलिंग तो हुकूम मोठ्यानं वाचत होता, आणि हंडे घेतलेल्या बायका सबनीस बाईंच्या तोंडाकडं बघत होत्या.

बाईंनी भिवराबाईच्या मनगटाकडं बघितलं, घळीकडं बघितलं. "छावणीचं रद्द करायला सांगते," त्या म्हणाल्या. "विहीर उघडी करा. पण चौकशी पूर्ण व्हायची तर माझा अहवाल पूर्ण व्हायला हवा. आणि माझा हात लिहायला फार सावकाश आहे." त्या सावकाश हाताला पाऊस पडेपर्यंतचा वेळ लागला, हे त्यांचे उपकार हिवरखोरी अजून मानते.

पण आता ही बातमी लपते होय? हिवरखोरीनं मेंटल पुरले आणि आता तिला रोज टँकर येतो, हे पंचक्रोशीत पसरलं. आठवडा गेला असेल नसेल, लिंबखोरीचा आप्पाराव वीरभद्रअप्पांच्या दुकानात येऊन उभा राहिला. शहादेव आत बसलेला होता, आणि फळीवर जत्रेसाठी मागवलेली नवी खोकी होती.

"अप्पा, मेंटल पायजेत," आप्पाराव म्हणाला. "समदे."

आप्पारावच्या गावात एकही गॅसबत्ती नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शहादेवचं मन त्या क्षणी काय सांगत होतं ते त्याचं त्यालाच माहीत. गप्प बसला असता तर पित्त तरी शांत झालं असतं. पण त्याला भिवराबाईचं मनगट आठवलं. लिंबखोरीचा नळ झाला, तर निदान चालत जाऊन भरता येईल, घळ तरी उतरायला नको. तो उठला, आणि जन्मात पहिल्यांदा आप्पारावशी खरं बोलला.

"आप्पाराव, आसं करू नगा. बाईला कमी पायजे, ज्यादा न्हाई. तुमचं गाव सोच्छ हाय, केंद्र तुमालाच देणार हायत. नळ येतोय तुमच्या दारात. हात बी लावू नगा कशाला."

आप्पारावनं डोळा बारीक केला. मग तो हसला. "लई हुशार हायस, चेअरमन. टँकर एकट्यालाच पायजे व्हय?"

"आयशप्पत खरं सांगतोय."

"अप्पा, समदे बांधा," आप्पाराव म्हणाला.

सबनीस बाई पुढच्या महिन्यात लिंबखोरीला आल्या. यंत्र ओरडायला लागल्यावर त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी खुरपं मागवलं. केंद्र गेलं पाटोद्याच्या पलीकडं, तिसऱ्या गावाला. तिथं गॅसबत्तीची जाळी विकणारं दुकानच नव्हतं म्हणतात.

पाऊस पडला तेवढा पडला, टँकर बंद झाला, आणि भिवराबाई पुन्हा घळीत उतरायला लागली. पालीला काही ती गेली नाही. शहादेव आता तिच्याबरोबर उतरायचा. दुसरा हंडा तो वर आणायचा. एकदा चढताना त्यानं आप्पारावची सगळी गोष्ट तिला सांगितली, आणि विचारलं, "मी काय खोटं बोललो व्हतो का? मग त्याला पटलं कावून न्हाई?"

"खरं बोलायची बी सवय असावी लागती माणसाला," भिवराबाई म्हणाली. "एकदम बोललं की लोकाला डाव वाटतो. आता हंड्याला हात लावा."

शहादेवनं हात लावला.